छपरावरची गाय

आमचा सगळाच्या सगळा वर्ग इंग्रजीत नापास झाला, तेव्हा धुळ्यात पहिली बातमी पसरली ती अशी, की कॉलेजात फलक चुकीचा लागलाय. दुसरं कुणाला काही सुचेना. खळ्यावर उफणायला घेतलं तर वाईटात वाईट सालीही चार भरीव दाणे टोपलीत पडतातच, मग एवढ्या पोरांत एकही भरीव निघू नये? मी फलकासमोर उभी होते. माझ्या मैत्रिणीनं, सुशीलानं, माझा दंड इतका घट्ट धरला होता की पुढे कितीतरी दिवस तिथे तिच्या बोटांचे वळ होते. वर्गात कायम पहिला येणारा जयवंत, ज्याला व्याकरणाचं पुस्तक मुखपृष्ठासकट पाठ होतं, तो फलकाच्या अगदी जवळ गेला, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, ते आडवं सरकवत शेऱ्यापर्यंत नेलं, आणि हसला. मला वाटतं त्याला रडायचं होतं, पण नापास झाल्यावर कसं रडतात याची त्याला सवयच नव्हती. मला तर काहीच वाटत नव्हतं. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं झालं होतं. घंटा झाली तीसुद्धा मला इतरांच्या हलण्यावरून कळली.

वाटायला लागलं ते घरी जाताना, रस्त्यात. तोंडी परीक्षेत नापास म्हणजे टर्म ग्रँट होणार नाही, आणि टर्म नाही म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. इतरांचं एक वर्ष जाणार होतं, माझं कॉलेजच जाणार होतं. नाना, म्हणजे माझे वडील, रावेरकडचे केळीवाले. त्यांचं बोलणं मोजकं, आणि बोललेलं फिरवायचं नाही असा बाणा. मला धुळ्याला मावशीकडे सोडताना त्यांनी दारात उभं राहून एकच वाक्य म्हटलं होतं, "एक डाव नापास झाली का मी घ्याले येईन." मी मान डोलावली होती. त्यांच्यासमोर आम्ही भावंडं मानच डोलवत असू, आणि आईचं तर सगळं संभाषणच त्या मानेतून चालायचं.

मावशीचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. पहाटेपासून एस.टी.च्या इंजिनांची घरघर, कंडक्टरांच्या घंट्या, आणि "शिरपूर, शिरपूर, शिरपूर" अशी आरोळी, तीही इतक्या लयीत की मावशीचं बाळ पाळण्यात त्यावरच झोपायचं. मावशीचे यजमान डेपोत कामाला, पाळ्या करून दमलेले, बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मावशी आईची धाकटी बहीण, पण लग्न होऊन धुळ्याकडे आली आणि तिची बोलीच पालटली. आमच्याकडचं 'हाये' जाऊन 'शे' आलं, 'सगळं' जाऊन 'बठ्ठं' आलं. नाना तिला चिडवायचे, की हिला दिली धुळ्याले अन जीभ गेली हुंड्यात. ती चिडायची नाही. ती चिडायची फक्त भाकरी चुलीवर असताना कुणी बोलावलं तर. मला कॉलेजात घालायचं हे तिच्याच डोक्यातून निघालेलं. "पोर हुशार शे, मी देखसू तिन्हाकडे," असं तिनं नानांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. म्हणून घरी येताना मला नानांची जेवढी भीती वाटत होती, त्याहून जास्त मावशीला तोंड कसं दाखवायचं याची वाटत होती. तिनं ऐकलं, परातीतलं पीठ मळायचं थांबली, आणि म्हणाली, "बठ्ठा वर्ग नापास? मंग तुमले शिकाडनारी पास कशी काय?"

ती शिकवणारी विलायतेहून आली होती. कसल्याशा योजनेत आमच्या कॉलेजला दोन विलायती मास्तर मिळाले होते, एक साहेब आणि एक बाई. साहेबांना ऑक्टोबरातच टायफॉइडनं गाठलं, ते मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत. उरल्या मिस हॉलिस. उंच, हाडकुळ्या, सुती सलवार-कमीज घालायच्या आणि त्याखाली पुरुषी बूट. वर्गात आल्या की टेबलावर बसायच्या, खुर्चीवर नाही, आणि आम्हाला प्रश्न विचारायच्या. प्रश्न विचारणारे प्राध्यापक आम्ही पाहिले नव्हते असं नाही, पण ते उत्तरही स्वतःच द्यायचे. या बाई प्रश्न विचारून थांबायच्या. आम्ही वाट बघायचो, त्या वाट बघायच्या, पंखा कुरकुरायचा. शेवटी त्या विचारायच्या, "समजलं का?" आणि आम्ही एका सुरात "येस, मॅडम!" म्हणायचो. त्या दोन शब्दांनी खिडकीतली कबुतरं उडायची. आम्हाला त्या फार आवडायच्या. त्यांचं बोलणं आम्हाला कळायचंही, सुरुवातीला निम्मं, दिवाळीनंतर जवळजवळ सगळं. पण कळतं म्हणून लगेच तोंड उघडावं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता हे आजच्या पोरांना सांगायला गेलं तर हसतात. माझी नात परवा तिच्या सरांना मोबाईलवर सरळ "सर, तुमचं उत्तर चुकलंय" असं लिहून पाठवत होती, सोबत हसरा चेहरासुद्धा. मी शेजारी बसून तो चेहराच बघत राहिले. आमच्याकडे मोठ्या माणसाचं चुकायचंच नाही. मावशीचे सासरे शेवटच्या दिवसांत वार विसरायचे. एकदा रविवारीच ते म्हणाले, आज सोमवार. झालं, घरानं सोमवार पाळला. मावशीनं त्यांच्यासोबत उपास केला, आणि दुसऱ्या दिवशी खरा सोमवार आला तेव्हा परत केला, पण "मामंजी, आज रविवार" हे काही कुणाच्या जिभेवर आलं नाही. आणि पाहुणा असेल तर बोलायलाच नको. पाहुणा म्हणाला की तुमच्या विहिरीचं पाणी खारट आहे, तर गोड पाण्याच्या विहिरीचा मालकही "हो ना, जरासं आहेच" म्हणणार. मिस हॉलिस आमच्या गुरू होत्या, वयानं मोठ्या होत्या, आणि सात समुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्या होत्या. तिन्ही एकदम.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या तासाला त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं होतं, हेही खरं. त्या म्हणाल्या होत्या, मी काही गोष्टी बरोबर बोलेन, काही चुकीच्या, चूक असेल तिथे मला सांगा. आम्ही ते ऐकलं, आम्हाला ते कळलं, आणि आमच्या मनात बाईंविषयी आदर दुणावला. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून म्हणतो ना, काही चुकलं-माकलं तर सांगा, अगदी तसं. केवढी नम्र बाई! भाजीत मीठ कमी आहे असं पंगतीतून उठून यजमानाला सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सुशीला तर बाहेर पडताना म्हणाली, "बाईंना आपल्याकडचे रीतिरिवाज किती छान जमायला लागलेत."

परीक्षा ग्रंथालयाच्या बाजूच्या छोट्या खोलीत होती. एकेकानं आत जायचं. बाईंच्या हातात एक मोठं रंगीत चित्र होतं, विलायतेतला कुठला तरी रस्ता, उतरत्या लाल छपरांची घरं, सायकलवर पोस्टमन, पावाचं दुकान, दुकानाशी दोन मुलं काहीतरी खात उभी. बाई हसून म्हणाल्या, "हे बघ, छपरावर एक गाय उभी आहे." मी चित्र बघितलं. छपरावर कावळासुद्धा नव्हता. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी भुवया उंचावल्या होत्या. मी म्हणाले, "येस, मॅडम." बाई म्हणाल्या, "आणि ही मुलं पतंग उडवताहेत." "येस, मॅडम." "पोस्टमन झोपलाय." "येस, मॅडम." मला अगदी आठवतं, माझ्या मनात त्या वेळी इंग्रजीतच उत्तर तयार होतं, नीटनेटकं, क्रियापदासकट, की पोस्टमन सायकल चालवतोय. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथून मागे फिरलं. बाईंचं हसू हळूहळू उतरत गेलं. त्यांनी चित्र खाली ठेवलं आणि विचारलं, "तू धुळ्यातच जन्मलीस, ना?" मी रावेरकडची. मी म्हणाले, "येस, मॅडम." मग त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मला तुला नापास करावं लागेल. हे योग्य आहे असं वाटतं तुला?" मला धक्का बसला, पण तोंडानं काम थांबवलं नाही. मी म्हणाले, "येस, मॅडम. थँक यू, मॅडम."

आतून बाहेर आलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारत होतो, कसं गेलं? प्रत्येक जण म्हणत होता, सोपं होतं, बाई जे म्हणत होत्या त्याला हो म्हणत गेलो.

निकालानंतर दोन दिवसांनी आमचं शिष्टमंडळ बाईंच्या बंगलीवर गेलं. जयवंत पुढे, कारण तो पहिला, आणि मागे आम्ही दहा-बारा जण, सोबत नारळ. ठरलं होतं की जयवंतानं स्वच्छ शब्दांत सांगायचं, हा निकाल चुकीचा आहे. वाटेत त्यानं वाक्य घोटून घोटून पाठ केलं होतं, आम्हालाही पाठ झालं होतं. बाईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. त्या म्हणाल्या, "मी वाईट शिकवते. वर्षभर मी तुम्हाला काहीच शिकवू शकले नाही. निकाल बरोबरच आहे, नाही का?" जयवंतानं नारळ पुढे केला आणि म्हणाला, "येस, मॅडम." मागून आम्ही सगळ्यांनी साथ दिली. कबुतरं तिथेही होती, तीही उडाली. फाटकाबाहेर आल्यावर जयवंत रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं आमचं झालं. बाईंना मात्र त्या दिवशी पक्कं कळलं, की या पोरांना खरोखरच काही कळत नाही.

नानांना बातमी केळीच्या ट्रकवाल्याकडून कळली. खानदेशात टपाल उशिरा पोचेल, पण ट्रकवाल्याकडे दिलेली वाईट बातमी कधी उशिरा पोचत नाही. शनिवारी दुपारी ते मावशीच्या ओट्यावर हजर झाले, काखेत पिशवी, हातात केळीचा फणा. पाणी प्यायले आणि मावशीला म्हणाले, "उद्या नेतो हिले." मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं त्याआधीच आपला उपाय योजला होता. आमच्याकडे माणूस बिघडला की त्याला जेवायला बोलावतात, आणि हिवाळ्यात बोलावतात ते भरीत खायला. "त्या बाईले मी जेवाले बलायेल शे उद्या. पोटमा काही गये म्हनजे मानूस मऊ व्हस. तुमीन जेवीसन जा," ती म्हणाली. नाना पाहुणीच्या जेवणाला नाही म्हणू शकत नव्हते. ते म्हणाले, "तं जेवून निंघू."

रविवारी सकाळपासून मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ होता. त्यावर हिरवी, बाळाच्या डोक्याएवढी वांगी भाजायला टाकलेली, त्यांची सालं तडतडत होती आणि गल्लीभर तो धुरकट, गोडसर वास भरला होता. शेजारणी काही ना काही मागायच्या निमित्तानं डोकावून जात होत्या. मावशीनं भाजलेली वांगी सोलून लाकडी परातीत घातली, वर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, आणि मुसळीनं ठेचायला लागली. मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होते. चुलीपुढे बसून मी मनाशी ठरवत होते की बाईंना आज काहीतरी सांगायचं, पण काय आणि कोणत्या तोंडानं ते काही ठरत नव्हतं.

बाई आल्या. त्यांना जमिनीवर मांडी घालता येईना, म्हणून भिंतीशी पाय लांब करून बसवलं. समोर नाना, पाठ ताठ, टोपी डोक्यावर. मावशी वाढत होती आणि मी मधे. भरिताच्या पहिल्या घासाला बाईंचं नाक लाल झालं, दुसऱ्याला डोळे भरले, पण त्या हसत राहिल्या. मावशीनं दुसरी भाकरी आणली. बाई म्हणाल्या, "नो, नो, थँक यू." मावशीनं ती ताटात टाकली. "ले व माय, लाजू नको." बाईंनी ताटावर दोन्ही हात धरले, "नो, प्लीज!" मावशीनं हाताच्या फटीतून भरीत वाढलं. बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्याकडे जेवताना म्हटलेल्या 'नको'ला कुणी मोजत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तेवढ्यात नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "इचार बाईले, पोरगी कशी हाये अभ्यासात?"

मी विचारलं. माझं ते एवढंसं इंग्रजी वाक्य ऐकून बाईंनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं, पण पाठ केलेलं असेल असं समजून सोडून दिलं असावं. त्या नानांकडे वळल्या आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. तुमची मुलगी गोड आहे. पण तिला माझं बोलणं कळत नाही, एकही अक्षर कळत नाही. तिचा वेळ वाया घालवू नका. घरी नेणार असाल तर न्या. आणि मग उसासा टाकून, ताटाकडे बघत, स्वतःशीच म्हणाल्या, "पण मी हे कुणाला सांगतेय? या बिचारीला हेसुद्धा कळलं नसणार."

"काय म्हन्ते बाई?" नाना म्हणाले.

माझ्या हातात भाकरीची टोपली होती. तुम्हाला खरं सांगते, त्यानंतर जे झालं ते मी केलं असं मला आजही वाटत नाही. माझ्या तोंडातून निघालं, "नो, मॅडम." बाईंनी मान वर केली. मी म्हणाले, "नो, मॅडम, मला कळतं. छपरावर गाय नव्हती. त्या चित्रात गायच नव्हती, मॅडम. मुलं पतंग उडवत नव्हती, ती पाव खात होती. पोस्टमन झोपला नव्हता, सायकल चालवत होता. मी धुळ्यात जन्मले नाही, रावेरजवळ जन्मले. आणि मला नापास करणं योग्य नव्हतं. नो, मॅडम. नो." माझा आवाज इतका चढला होता की ओट्यावरची मांजर पळाली. पाळण्यातलं बाळ उठून रडायला लागलं आणि मावशी त्याच्याकडे न जाता हातात पळी धरून दारात तशीच उभी राहिली. मी उभ्या जन्मात कुणा मोठ्या माणसाला 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते सगळं एका दमात, तेही पाहुणीला, तेही तिच्या ताटावर.

बाईंचा हात भाकरीवर तसाच राहिला. "तुला हे सगळं कळत होतं?"

"येस, मॅडम."

"हे येस खरं आहे का?"

"येस, मॅडम."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? सांगितलं होतं ना मी, चूक असेल तर सांगा म्हणून?"

मी म्हणाले, "तुम्ही मोठ्या आहात. आणि पाहुण्या आहात." यापुढचं, म्हणजे पंगतीतल्या यजमानाचं वगैरे, मला इंग्रजीत सांगता आलं नसतं. पण बाईंना तेवढं पुरलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "सगळा वर्ग?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मावशीला वाटलं मिरची लागली, म्हणून ती धावत गुळाचा खडा घेऊन आली. बाईंनी तो मुकाट्यानं तोंडात टाकला. मग माझा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, की त्या उद्याच सगळ्यांची परीक्षा परत घेतील, आणि माझी घ्यायची गरज नाही, मी पास आहे. "काय म्हन्ते?" नानांनी पुन्हा विचारलं. "मी पास झाले म्हणतात," मी सांगितलं. नाना "बरं," म्हणाले आणि उरलेली भाकरी संपवली.

बाई गेल्यावर नाना ओट्यावर बसून पायताण घालायला लागले. पिशवी शेजारी ठेवली होती. मी खांबाशी उभी. आतून इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. नाना खाली बघतच म्हणाले, "तू तिले नही म्हनली."

"हो, नाना."

"तोंडावर. जेवता जेवता."

"हो, नाना."

स्टँडवर कुणीतरी शिरपूर शिरपूर ओरडत होतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग काय म्हन्ते? येते का गावले?"

मी म्हणाले, "हो, नाना."

असं कसं म्हणाले? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय! पास झाले होते. टर्म मिळणार होती. अट मोडलीच नव्हती. घटकाभरापूर्वी मी एका विलायती प्राध्यापिकेला भरल्या ताटावरून सुनावलं होतं. पण समोर नाना होते आणि पायताण घातलेलं होतं. मला वाटलं, पाहुणीला उलट बोलले म्हणून त्यांनी नेण्याचं पक्कं केलंय, आता विचारणं नुसतं बोलायची रीत. माझ्या ट्रंकेला कुलूप लावताना मावशी पुन्हा पुन्हा विचारत होती, "हां म्हनीसन मोकळी व्हयनी व माय? काबर व? काबर?" तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बाकीच्यांचं काय झालं ते सुशीलानं मला पुढे लग्नात सांगितलं, माझ्याच लग्नात, हळद लावता लावता. सोमवारी आमच्या गल्लीतून वर्गात बातमी पोचली होती, की बाईंना 'नाही' म्हटलं की पास करतात. मग काय, सगळ्यांनी नाहीचा सपाटा लावला. बाईंनी जयवंताला विचारलं, "तुझं नाव जयवंत ना?" तो म्हणाला, "नो, मॅडम!" बाई आधी रडकुंडीला आल्या, मग पोट धरधरून हसल्या, मग एकेकाला समोर बसवून संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या, आणि सगळे पास झाले. सुशीला हे सांगताना हसत होती. मीही हसले. माझं नावही पास झालेल्यांत होतं म्हणे. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत मी जळगावात सासरी होते, डाळमिलच्या मागच्या घरात, आणि दिवसभर तुरीच्या सालपटांची धूळ झटकत होते. संसार चांगला झाला, ते नाकारत नाही. नवरा भला माणूस होता. पण इंग्रजी बोलायची वेळ नंतर कधी फारशी आली नाही.

आणि मग माझ्या मुलीचं पुण्याला जायचं ठरलं. नाना तेव्हा आमच्याकडेच होते, थकलेले, खोलीतल्या खाटेवर बसून दिवसभर भुईमुगाच्या शेंगा सोलायचे, कारण हाताला काम लागायचं. मी मुलीची बॅग भरत होते. नाना शेंगा सोलता सोलता म्हणाले, "तुहं शिकनं राह्यलं नं कुसूम."

मी म्हणाले, "आता त्याचं काय."

"म्या तुले इचारलं व्हतं त्या दिशी. ओट्यावर."

मी मुलीचे कपडे घडी करत होते.

"तू नही म्हनली अस्ती तं मी एकटाच गेलो अस्तो," नाना म्हणाले. "मले वाटलं व्हतं, तू नही म्हनशीन. म्हनूनच इचारलं म्या. पन तू हो म्हनली. म्या म्हनलं, जी पोरगी विलायती बाईले तोंडावर नही म्हनते, तिचं हो खरं अशीन. पोरीले घरी यायाचं अशीन." त्यांनी एक शेंग फोडली. "यायाचंच व्हतं नं तुले?"

मी सुन्न झाले. फलकासमोर उभी असताना झाले होते त्याहून जास्त. इतकी वर्षं मी ज्याला हुकूम समजत होते, तो प्रश्न होता. माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरंखुरं विचारलं होतं, आणि मी विलायती बाईंना फसवलं तसंच त्यांनाही फसवलं होतं. मी खाटेच्या कडेला टेकले. नाना माझ्याकडे बघत होते, म्हातारे, ओले डोळे, आणि त्या डोळ्यांना काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. 'हो' म्हटलं असतं तर त्यांचा जीव शांत झाला असता.

मी म्हणाले, "नाही, नाना."

मांडीवरची सालपटं नानांनी हळूहळू गोळा केली, खाली पडलेलीही उचलली. मग त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली. ती दारातून डोकावली, केस ओले, हातात टॉवेल. "काय आजोबा?"

"पुण्याले जायाचं हाये का तुले?" नाना म्हणाले. आणि ती तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "हो नको म्हनू लगेच. बस. इचार कर, अन मंग सांग. मी बसेल हाये."